पोपटाच्या हाती निरोप

छत्तीसगडात दिवाळीला देवारी म्हणतात. देवारीच्या आधी आठ-पंधरा दिवस रायपूरच्या गल्ल्यांतून पोपट हिंडायला लागतो. हा पोपट मातीचा, अंगाने हिरवा, चोचीने लाल, बांबूच्या टोपलीत भाताच्या राशीवर बसवलेला. टोपलीला इथे टुकनी म्हणतात आणि पोपटाला सुवा. कुठे एकच सुवा असतो, कुठे जोडी. टुकनीवर लाल फडकं, कधी आत एक पणती. आसपासच्या खेड्यांतल्या आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांतल्या बायका ती डोक्यावरून आणतात, दारात मधोमध ठेवतात आणि भोवती रिंगण धरतात. मग कमरेत वाकून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे झुकत, टाळी सुरू होते. बहुतेक ठिकाणी वाद्य म्हणून काही नसतं, टाळी हाच ताल. अर्धं रिंगण ओळ म्हणतं, उरलेलं अर्धं तीच ओळ उचलतं. ओळ संपता संपता पोपटाला हाक मारली जाते. सगळं बोलणं त्याच्याशीच.

रायपूरच्या मराठी घरांना हे दृश्य नवं नाही. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांची फौज रतनपुरावर आली, 1758 पासून बिंबाजी भोसल्यांचा कारभार सुरू झाला, आणि त्या सुमारापासून मराठी माणूस या मुलखात रुळत गेला. तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या घरात ऐन चकलीच्या घाण्याला फाटक वाजतं, आतून कोणीतरी ओरडतं, ‘सुवावाल्या आल्या गं’, आणि एखादी नोट, वाटीभर तांदूळ बाहेर जातात. गाणं ऐकायला थांबणारे थोडे. थांबलं तर मात्र जरा चपापायला होतं. सणाच्या दिवसांत, रांगोळीच्या शेजारी उभं राहून, या बायका जे गातात ते रडगाणं आहे.

सुवागीतातली कहाणी साधारण अशी. मुलीचं लग्न लहानपणी झालेलं. मोठी झाल्यावर गवना होतो, म्हणजे ती खऱ्या अर्थाने सासरी जाते. ती सासरच्या उंबरठ्यावर टेकते न टेकते तोच नवरा व्यापाराला निघून जातो. तिने त्याचा चेहरासुद्धा धड पाहिलेला नसतो. सासू आहे, नणंद आहे, दीर आहे. बोलावं असं कोणी नाही. म्हणून ती पोपटाला सांगते की उडत जा, त्याला शोध, माझी अवस्था सांग. काही गाण्यांत नवरा जाताना अंगणात तुळस लावून जातो: ती हिरवी असेल तोवर मी सुखरूप आहे असं समज. मग रोज तुळशीकडे पाहणं आलं. काही गाण्यांत नवऱ्याचा विषयच मागे पडतो आणि ती विनवते की पुढच्या जन्मी मला बाईचा जन्म देऊ नकोस. गाय-बैलाला जसं दावणीवरून दुसऱ्याच्या हाती देतात तसं मला दिलं, ही तक्रारही तिथेच येते.

विरहगीत म्हटलं की आपल्याला प्रियकराची वाट पाहणारी नायिका आठवते. सुवागीतातली बाई ज्याची वाट पाहते त्याच्यावर तिचं प्रेम बसायला सवडच मिळालेली नाही. तिला नवरा हवा आहे, कारण तो नसताना त्या घरात तिला कोणी विचारत नाही. हा विरह हृदयापेक्षा चुलीशी जास्त बांधलेला आहे. तो मला म्हणूनच खरा वाटतो.

निरोप्या पक्षी आपल्याकडेही आहे, पण तो कावळा. ज्ञानेश्वरांच्या विराणीत अंगणात ओरडणारा कावळा पाहुण्याची चाहूल देतो आणि विरहिणी त्याच्यापुढे दहीभाताची, दुधाची आमिषं ठेवते. तो पाहुणा पंढरीचा आहे, त्यामुळे त्या विरहाला देवाचं अंगण मिळालं. उत्तरेकडच्या सूफी कवींनी पोपट निवडला. मलिक मुहम्मद जायसीच्या 1540 च्या ‘पद्मावत’मध्ये हिरामन नावाचा पोपट राजाला पद्मिनीची वार्ता देतो आणि घरी राहिलेली नागमती बारा महिन्यांचं दुःख मोजत बसते. सुवा गाणाऱ्या बायकांनी जायसी वाचला असण्याचा प्रश्नच नाही. पोपट बोलतो, आणि ऐकलेलं तसंच्या तसं परत बोलतो, एवढी त्याची लायकी निरोप्या म्हणून पुरेशी होती. आणखी एक सोय होती. सासूच्या देखत सासूची तक्रार पोपटाजवळ करता येते. ती घरात म्हटली तर भांडण, रिंगणात म्हटली तर गाणं.

ही गाणी मुळात गोंड स्त्रियांची असं मानतात, पुढे ती इतर जातींतही पसरली. दारोदार फिरून जमलेला तांदूळ, डाळ, तेल, पैसे गौरा-गौरीच्या लग्नाला जातात. लक्ष्मीपूजनाची रात्र इथे सुरहुती. त्या रात्री मातीचा शंकर आणि मातीची पार्वती घडवतात, त्यांची वरात काढतात, रात्रभर लग्न लावतात आणि दुसऱ्या दिवशी तळ्यात विसर्जन करतात. म्हणजे देवाच्या लग्नाची वर्गणी माणसाच्या फसलेल्या लग्नाची गाणी गाऊन गोळा होते! हा विरोध गाणाऱ्या बायकांना खटकत नाही. खटकायचं कारणही नाही. लग्नाबद्दलचं सगळं त्यांना ठाऊक असतं आणि तरी त्या लग्न लावतात.

देवारीच्या त्याच दिवसांत राऊतांची टोळीही बाहेर पडते. राऊत म्हणजे इथला गुराखी, यादवकुळी सांगणारा. डोक्याला मोरपीस, अंगात कवड्या शिवलेली बंडी, हातात तेंदूची लाठी, तोंडी दोहे. गोवर्धनपूजेच्या दिवशी तो मालकाच्या गाईच्या गळ्यात सोहाई बांधतो, पळसाच्या मुळांच्या तंतूंनी विणलेली माळ. त्याचा नाच सगळे बघतात, फोटो काढतात, वर्तमानपत्रं छापतात. त्याचं स्वतःचं वाद्य मात्र रस्त्यावर ऐकू येत नाही. त्याला नुसतं बांस म्हणतात.

बांस म्हणजे तीन-चार फूट लांब, पोकळ, जाड बांबू. तापवलेल्या सळईने पाडलेली मोजकी भोकं, अंगाला रंगीत लोकरीचे गोंडे. बासरीसारखा तो वाजवायला जावं तर हाती निराशा येईल. त्यातून निघतो तो घोगरा, छातीतून आल्यासारखा एकसुरी आवाज, गाईच्या हंबरण्याच्या जवळचा. सुराचं नक्षीकाम त्यात होत नाही. गाणारा एक, बांस वाजवणारे एक-दोघे, आणि एक रागी. रागीचं काम प्रत्येक ओळीला हुंकार देणं. आपल्याकडच्या गोंधळात झिलकऱ्याचं जे स्थान, तेच जवळपास त्याचं. मुलाची छठी, लग्न, कधी मयतानंतरची बैठक, अशा वेळी ही मंडळी बसतात आणि कथा रात्र-रात्र चालते. शीत-बसंत, मोरध्वज, कर्ण असे विषय असतात. पण राऊताची स्वतःची अशी कथा एकच, लोरिक आणि चंदा यांची. तिला इथे चंदैनी म्हणतात.

चंदा राजाची मुलगी. तिचं लग्न बावन नावाच्या एकाशी झालेलं, आणि तो नवरा असून नसल्यासारखा. ती माहेरी परतते. लोरिक गुराखी, शूर, आणि घरी बायको असलेला. तिचं नाव मांजरी. लोरिक-चंदा पळून जातात. पुढे लढाया, जुगार, साप, जादू सगळं आहे. रायपूरहून महासमुंदच्या वाटेवर आरंग लागतं. त्या भागातल्या लोकांचा ठाम विश्वास आहे की चंदा आमच्याकडची आणि शेजारचं रीवां हे लोरिकाचं गाव. कथा मात्र फार मोठ्या टापूतली आहे. उत्तर प्रदेश-बिहारातले अहीर तिला लोरिकायन म्हणतात. मौलाना दाऊद या सूफी कवीने 1379 मध्ये तिच्यावरच ‘चांदायन’ लिहिलं. त्याच्या सोळाव्या शतकातल्या एका सचित्र पोथीची पानं मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. काळा घोड्याला गेलात तर हा गुराखी रेशमी कपड्यांत, दरबारी थाटात उभा असलेला भेटेल. आरंगकडचा राऊत त्याला ओळखणार नाही.

इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने 1946 च्या आपल्या छत्तीसगडी लोकगीतांच्या संग्रहात ही कथा घेतली. एल्विनच्या या सगळ्या मध्य भारतीय कामामागे श्यामराव हिवाळे हा मराठी माणूस उभा होता. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातली त्यांची ओळख. 1932 मध्ये दोघे तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले, आणि ‘मैकल टेकड्यांची लोकगीतं’ या 1944 च्या पुस्तकावर दोघांची नावं आहेत. मराठीत श्यामरावांवर जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलेलं नाही. पुढे जॉइस फ्लुएकिगर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1996 च्या पुस्तकात एक बारकावा टिपला: उत्तरेत ही कथा लोरिकाच्या पराक्रमाची आहे, छत्तीसगडात ती चंदाची होते. नावच चंदैनी.

मला त्यात तिसरीच बाई दिसते. पळून गेलेल्या दोघांची रात्र पुरुष गायक रंगवून सांगतो, ऐकणारे हसतात, टाळ्या देतात. मग कथा मागे वळते आणि मांजरीवर येते. नवरा गेला, गुरं गेली, घर बसलं. ती दूधदही विकत फिरते आणि परक्या मुलखात जाणाऱ्याजवळ निरोप देते. रागीचा हुंकार इथे हळू होतो. लोरिक परततो खरा, पण ज्या घरात परततो ते पूर्वीचं नसतं.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनाच्या पाम्पा नावाच्या गवताळ सपाटीवर, गाउचो नावाचे घोड्यावरचे गुराखी होते. त्यांचंही गाणं विरहाचं, आणि त्यांचंही वाद्य एकच, गिटार. होसे एर्नांदेसचं ‘मार्तिन फियेर्रो’ हे दीर्घकाव्य 1872 मध्ये निघालं. त्यातल्या गाउचोला सरकार जबरदस्तीने सरहद्दीच्या ठाण्यावर धाडतं. तो पळून परत येतो तेव्हा घर मोडलेलं, मुलं पांगलेली, बायको दुसऱ्याबरोबर गेलेली. तो गिटार घेऊन बसतो आणि आपलं दुःख गातो. दोन गाउचो समोरासमोर बसून सवाल-जवाबात गातात त्याला पायादा म्हणतात. आपल्या कलगी-तुऱ्याचा भाऊबंद. गुरांमागे फिरणाऱ्याच्या आयुष्यात घर मागेच राहतं, हे पाम्पावर आणि महानदीच्या खोऱ्यात सारखंच. फरक गाणाऱ्यात आहे. गाउचोच्या गाण्यात जो गेला तो गातो. फियेर्रोच्या बायकोची बाजू आपल्याला त्याच्याच तोंडून कळते. छत्तीसगडात जी मागे राहिली तिला स्वतःचं गाणं आहे, स्वतःचा महिना आहे, आणि ते दारोदार जाऊन म्हणायचा परवाना आहे. गुराखी आणि विरह यांचं नातं आपल्यालाही परकं नाही: पुण्याचा होनाजी जातीने गवळी, दुधाचा धंदा करणारा, आणि विरहाच्या लावण्या त्याच्याइतक्या गोड कोणी बांधल्या नाहीत. पण त्याही पुरुषानेच बाईच्या तोंडी घातलेल्या.

सुवा दाराशी गायचा, बांस बैठकीत. तिसरं गाणं ददरिया, ते शेतात. भाताची लावणी चालू आहे, पाठी वाकलेल्या, पाऊस. एका बांधावरून बाई एक कडवं टाकते, दुसऱ्या बांधावरून पुरुष उत्तर देतो. मोहाची फुलं वेचताना, निंदणी करताना, बैलगाडी हाकतानाही ददरिया चालतो. कडवं दोनच ओळींचं. पहिल्या ओळीत समोर दिसणारी एखादी वस्तू असते, झाड, भाजी, तळं, गाडीचं चाक. दुसरीत काळीज. दोन्हींचा अर्थाने संबंध असेलच असं नाही, यमकाने त्या जोडलेल्या असतात, आणि ऐकणाऱ्याने मधली दरी आपली आपण ओलांडायची. शिष्ट घरांत ददरिया बराच काळ वर्ज्य होता. बाप-लेकीसमोर तो म्हणत नसत. कारण उघड आहे.

दोन ओळी, शेतातला तपशील आणि चोरटं प्रेम म्हटल्यावर मराठी वाचकाला हालाची गाथासप्तशती आठवायला हवी. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे गाथांत परगावी गेलेला नवरा आणि पावसाळा तोंडावर आलेली बायको पानोपानी भेटते. स. आ. जोगळेकरांनी 1956 मध्ये ती मराठीत आणली. सातवाहनांच्या काळातली गोदाकाठची बाई जे बोलत होती, ते बोलणं आपल्याकडे पुढे कुठे गेलं? जात्यावरच्या ओव्यांत पाहावं तर तिथे वाट पाहिली जाते ती भावाची, आईची, माहेरच्या माणसाची. नवऱ्याचं कौतुक आहे, त्याच्या विरहाने झुरणं फारसं नाही. आपल्या बायांनी तो विषय ओवीतून उचलून बाजूला ठेवला, आणि लावणीने तो पुरुषांच्या हवाली केला. छत्तीसगडच्या भातशेतात तो अजून बाईच्या तोंडी आहे. गाथासप्तशती वर्गात शिकवणाऱ्यांनी एकदा श्रावणात धमतरीच्या बाजूला जाऊन उभं राहावं, असं मी म्हणेन.

आता जाणाऱ्याबद्दल. जुन्या गाण्यांत तो व्यापारी, बंजारा, कधी राजपुत्र. प्रत्यक्षात छत्तीसगडचा माणूस बाहेर पडला तो दुष्काळाने आणि रेल्वेने. 1880 च्या दशकात नागपूरकडून रूळ आले, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ते कलकत्त्याच्या दिशेला नेले. 1899-1900 च्या, संवत 1956 च्या, ‘छप्पनच्या’ दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे रायपूर-बिलासपूरची माणसं आसामच्या चहामळ्यांत गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं तिथे आजही आहेत. आज भाताची कापणी उरकली की बलौदाबाजार, महासमुंद, जांजगीरकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, उत्तर प्रदेशात, जम्मूत, तेलंगणात. नागपूरच्या कितीतरी इमारतींच्या विटा यांनी वाहिल्या आहेत. शेजाऱ्याला विचारलं तर एवढंच सांगतो, ‘कमाय-खाय बर गे हे’. कमवायला-खायला गेलाय. एकही शब्द जास्त नाही.

इथे भोजपुरी मुलखाशी गल्लत करू नये. तिकडे पुरुष एकटा कलकत्त्याला गेला आणि बाई मागे राहिली, त्यातून भिखारी ठाकुरांचं ‘बिदेसिया’ हे नाटक जन्माला आलं. छत्तीसगडी मजूर बहुतेक जोडीने जातो. वीटभट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. एकाने माती कालवायची, दुसऱ्याने साच्यात थापायची, पोरांनी पालटायची. नवरा-बायको दोघं गेली की मागे राहतात म्हातारे आईबाप आणि शाळेत घातलेलं एखादं पोर. त्यांच्यासाठी गाणं नाही. सुवा नवरा शोधायला जातो. लेकाला आणि सुनेला शोधायला जाणारा पक्षी अजून कोणी रचलेला नाही. ही उणीव मला सगळ्यांत जास्त खुपते.

गाणं दारातून मंचावर कसं गेलं तेही पाहण्यासारखं आहे. पहिला छत्तीसगडी चित्रपट मनु नायकांनी 1965 मध्ये काढला, आणि नाव काय दिलं? ‘कहि देबे संदेस’. म्हणजे निरोपच. त्यातली प्रेमकथा जातीच्या भिंतीवर आदळणारी होती, आणि गायला मोहम्मद रफी होते. रायपूरचं आकाशवाणी केंद्र 1963 मध्ये सुरू झालेलं. तिथून लोकगीतं घराघरांत गेली. 1971 मध्ये दुर्गजवळच्या बघेरा गावात रामचंद्र देशमुखांनी ‘चंदैनी गोंदा’ ही मंडळी उभी केली. संगीत खुमान सावांचं, गाणी लक्ष्मण मस्तुरियांची. मस्तुरियांच्या एका गाण्यात बाई गाडीवाल्याला त्याच्या गावाचा, नावाचा पत्ता विचारते. कविता वासनिकांच्या आवाजातलं ते गाणं आजही रायपुरात पानाच्या टपरीवर लागतं आणि माणसं नकळत मान हलवतात. पोपटाच्या जागी पत्ता आला, म्हणजे बाई आता स्वतःच शोधायला निघायच्या तयारीत आहे. हा बदल कोणी ठरवून केलेला नसेल, पण झाला खरा.

रायपूरचेच नाट्यदिग्दर्शक हबीब तनवीर, जन्म 1923. त्यांनी दिल्ली-भोपाळच्या मंचावर ‘नाचा’ या छत्तीसगडी लोकनाट्याचे कलावंत जसेच्या तसे, त्यांच्या बोलीसकट उभे केले, आणि ‘सोन सागर’मध्ये चंदैनीच मांडली. त्यांनी गाण्याला सजवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. नंतर आलेल्यांनी ते पथ्य पाळलं असं म्हणवत नाही. आज राज्य स्थापनेच्या सोहळ्यात, राज्योत्सवात, सुवा असतो. सगळ्या जणी एका रंगाच्या लुगड्यात, टुकनीत थर्माकोलचा पोपट, मागे कीबोर्ड आणि ढोलकीचा ठेका, गती दुप्पट. आठ मिनिटांत आटोपायचं असतं. त्या गतीला ‘पुढच्या जन्मी बाई करू नकोस’ हे वाक्य बसत नाही, म्हणून ते कडवं गळतं. उरतं ते हसरं नृत्य. बांसची अवस्था याहून वाईट, कारण तो हसरा करताच येत नाही. गावाची गुरं राखण्याचं वर्षाचं बोलणं जिथे मोडत चाललंय, तिथे राऊताच्या पोराने रात्रभर कथा पाठ कशाला करावी? तो रायपुरात दुधाची मोटारसायकल फिरवतो, आणि ते बरंच आहे.

फोनने विरह संपवला, असं एक मत ऐकू येतं. भट्टीवरचा माणूस रोज व्हिडिओ कॉल करतो, मग पोपट कशाला? पण फोनवर सासूची तक्रार सासूच्या देखत करता येत नाही. चुलत्याच्या, जावेच्या, गावाच्या कानांवर घालायची गोष्ट टाळीच्या तालातच घालता येते. सुवा नवऱ्यापर्यंत पोचला की नाही, याला फारसं महत्त्व कधीच नव्हतं. दारात उभ्या असलेल्यांपर्यंत निरोप पोचत होता.

शहरात आता तोच पोचत नाही. लहान पोरींचे गट येतात, दोन ओळी म्हणतात, फाटकाच्या फटीतून दहाची नोट येते, गट पुढे जातो. चूक पोरींची नाही. ऐकणारा घाईत असला तर गाणारा तरी पूर्ण का गाईल? या देवारीला रायपूर, दुर्ग, भिलाई, राजनांदगावात, आणि गोंदियाच्या पलीकडेही जिथे छत्तीसगडी वस्ती आहे तिथे, तुमच्या दारात टुकनी आली तर पैसे आधी देऊ नका. फाटक उघडा, टुकनीला जागा करून द्या आणि गाणं संपेपर्यंत उभे राहा. गटात एखादी म्हातारी असेल तर तिला शेवटचं कडवं म्हणायला सांगा, ते तिलाच पाठ असतं. तांदूळ मग द्या, आणि जरा हात सैल सोडून द्या. त्यातून एक लग्न लागायचं आहे.